दिवाळी फराळ, गोलातला यू आणि शनिवार

प्रेषक: फराळ समिती
विषय: दिवाळी फराळ – कोशरबद्दल कोणाला माहिती आहे का?

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीला आपल्याकडे एक नवं कुटुंब येणार आहे. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मग बरीच वर्षं ठाण्यात, आणि आता इथे न्यू जर्सीत हायलंड पार्कला घर घेतलंय. ताईंशी फोनवर अर्धा तास गप्पा झाल्या. मराठी इतकं चोख की मला माझ्या दर वाक्यातल्या 'ॲक्च्युअली'ची लाज वाटायला लागली.

घरात कोशर पाळतात, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम. आता फराळाचं सामान मीच आणणार (समितीत यंदा मी एकटीच उरलेय, हे या निमित्ताने पुन्हा एकदा नोंदवते), तर दुकानात नेमकं काय बघायचं ते कोणी सांगेल का? मला एवढंच ठाऊक की पाकिटावर गोलात यू असतो. मी तर आजवर तो यू म्हणजे 'अंडं-मांस नाही' असं धरूनच सामान घेत आलेय.

कार्यक्रम शनिवारी दुपारी ३ वाजता, नेहमीच्या हॉलवर. साधारण सव्वाशे माणसं.

– फराळ समिती

---

प्रेषक: एडिसनचा नवा मेंबर
विषय: Re: दिवाळी फराळ – कोशरबद्दल कोणाला माहिती आहे का?

ताई, सोप्पं आहे. गोलात यू दिसला की डोळे झाकून घ्यायचं. मी दहा वर्षं इथे शुद्ध शाकाहारी आहे ते त्या यूच्या जिवावर. यू-डी असेल तर दूध आहे, यू-पी असेल तर पारवे, म्हणजे दूधही नाही आणि मांसही नाही. कॅम्पिंगला मार्शमेलोसुद्धा मी कोशरचेच नेतो, पोरं खूश, आईपण खूश.

---

प्रेषक: फॅक्टरीवाले काका
विषय: Re: Re: दिवाळी फराळ – कोशरबद्दल कोणाला माहिती आहे का?

बाळा, दहा वर्षं तू मासा खातोयस.

कोशर मार्शमेलोतलं जिलेटिन बहुतेक वेळा माशाचं असतं. खवले आणि पर असलेला मासा कोशरला चालतो, आणि तो मांसात धरत नाहीत. काही ठिकाणी जिलेटिन गायीच्या कातड्याचंही असतं, धर्मविधीप्रमाणे कापलेल्या गायीच्या. आणि अशा जिलेटिनला पारवे म्हणणारे रब्बी (ज्यू धर्मगुरू) आहेत. आईला सांगू नकोस. किंवा सांग, तुझं तू बघ.

दुसरी चूक. यू-पीमधला पी पारवेचा नाही. तो पासओव्हरचा, त्यांच्या वल्हांडण सणाचा. पारवे असेल तर तसा पूर्ण शब्द लिहितात, नाहीतर नुसता यू. त्यामुळे ऑक्टोबरात यूपी शोधत फिरू नका, सापडलाच तर ट्रेनने लखनौला जाल.

आता मूळ प्रश्नाकडे. मी निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका फ्लेवरच्या कारखान्यात क्वालिटीत होतो. आमच्याकडे तपासायला रब्बी यायचे. मश्गिआख म्हणतात त्यांना. न सांगता यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, दाढीवाले गृहस्थ येतील, मंत्र म्हणतील, शिक्का मारतील आणि जातील. आपल्याकडच्या वास्तुशांतीसारखं काहीतरी. तर हे गृहस्थ थेट बॉयलररूममध्ये! वाफ कुठून कुठे जाते, तिचं पाणी परत कुठे येतं, त्याच वाफेवर दुसऱ्या लाईनला चिकन फ्लेवर शिजतो का, असे प्रश्न. मग तेलाच्या टँकरचे कागद: हा टँकर याआधी काय वाहून आला? डुकराची चरबी वाहून आलेल्या टँकरमधून सोयाबीनचं तेल आलं तर ते तेल त्यांच्या लेखी बाद. मग गोदामातल्या प्रत्येक पिंपावरचं नाव मंजूर यादीशी ताडून बघायचं. ग्लिसरीन वनस्पतीचं की प्राण्याचं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं. एखादी किटली मांसाच्या कामातून साध्या कामाला आणायची तर ती चोवीस तास रिकामी ठेवायची आणि मग उकळत्या पाण्याने शुद्ध करायची. ते चोवीस तास आमचा प्रॉडक्शन मॅनेजर कपाळाला हात लावून बसलेला असायचा.

हे सगळं सांगायचं कारण, आपण शाकाहारी लोक त्या यूवर का विसंबतो ते कळावं. 'मोनो ॲण्ड डायग्लिसराइड्स' असं लेबलवर लिहितात, कशापासून ते लिहीत नाहीत. 'नॅचरल फ्लेवर'चंही तेच. तिथे पारवेचा किंवा डीचा शिक्का असला की चरबी मांसाची नाही एवढी खात्री मिळते. ओरिओ बिस्किटांचं उदाहरण घ्या. पूर्वी त्यांच्या क्रीममध्ये डुकराची चरबी असायची. ती काढून वनस्पती तेल घातलं, भट्ट्या साफ केल्या, तेव्हा कुठे १९९७ साली यू-डी मिळाला. आपल्यातल्या कित्येकांनी त्याच्या आधी ती मिटक्या मारत खाल्लीयत. मीही.

पण म्हणून तो शाकाहाराचा शिक्का होत नाही. अंडं पारवे. मासा पारवे. मध चालतो. चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकी लाखेची, म्हणजे किड्याची, ती चालते. उलट लाल रंगाचा कोचिनील किडा चालत नाही, म्हणून कोशर गोळ्यांत तो सापडणार नाही. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असू शकतं. वासरू विधीप्रमाणे कापलेलं असलं आणि चीज बनताना ज्यू देखरेख असली की त्यांना चालतं. (मुलांचा पिझ्झा मागवणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.) वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. माशाचं प्रमाण पुरेसं असेल तर शिक्क्याशेजारी 'फिश' लिहितात, कारण मासा आणि मांस ते एकत्र खात नाहीत. पण एकास साठपेक्षा कमी असेल तर काही संस्था नुसता शिक्का देतात, 'फिश' लिहीत नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर दिलेलं असतं. आपण त्यांना आपला प्रश्न विचारलेलाच नसतो. तेव्हा यू बघा आणि घटकांची यादीही वाचा, दोन्ही.

आणि फक्त यूच शोधू नका. यू न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स युनियनचा. १९२३ साली हाईन्झच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर तो पहिल्यांदा लागला. गोलातला के ब्रुकलिनवाल्यांचा. चांदणीतला के बॉल्टिमोरचा. हिब्रू काफ अक्षरात के घातलेला आपल्या शेजारच्या टीनेकचा. हे चारही चांगले. नुसता उघडा के दिसला तर मात्र थांबा. एकटं अक्षर कोणाच्याच नावावर ट्रेडमार्क होत नाही, त्यामुळे तो के कुणीही छापू शकतो. कधी त्याच्यामागे कुणीतरी रब्बी असतो, कधी कंपनीचा आत्मविश्वास.

– काका

---

प्रेषक: खजिनदार
विषय: Re: Re: Re: दिवाळी फराळ

काका, माहितीपूर्ण. गेल्या वर्षीचा तेलाचा अर्धा डबा माझ्या गराजमध्ये आहे. तो चालेल का? बजेट तेच आहे.

---

प्रेषक: एडिसनचा नवा मेंबर

आईला सांगितलं. तिने मला दोन दिवस फोन करू नकोस म्हणून सांगितलंय.

---

प्रेषक: एक आई
विषय: पारवे आणि दुधाची ॲलर्जी

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मुलाला दुधाची कडक ॲलर्जी आहे. पारवे म्हणजे दूध नाही, तर पारवे लिहिलेलं डार्क चॉकलेट त्याला दिवाळीत देता येईल ना?

---

प्रेषक: फॅक्टरीवाले काका

नाही. इथे गंमत नाही, म्हणून लगेच लिहितोय. पारवे हा धर्माचा हिशोब आहे, वैद्यकाचा नाही. चुकून दुधाचा अंश आला आणि तो साठात एकपेक्षा कमी असला तर त्यांच्या नियमात तो 'नसल्यात जमा' धरता येतो. तुमच्या मुलाचं शरीर तो हिशोब मानणार नाही. ज्या यंत्रावर दुधाचं चॉकलेट होतं त्याच यंत्रावर डार्क झालं तर पारवे चॉकलेटमध्येही दूध सापडतं. ॲलर्जीची सूचना वाचा आणि शंका आली तर कंपनीला फोन करा. उलटही असतं: नुसत्या दुधाच्या यंत्रामुळे काही संस्था डी किंवा डीई (डेअरी इक्विपमेंट) लिहितात आणि पदार्थात दूध घातलेलं नसतं. पण तुम्ही ते आजमावायला जाऊ नका.

---

प्रेषक: हायलंड पार्कच्या ताई
विषय: अहो, मी लिस्टवर आहे!

नमस्कार सगळ्यांना.

फराळ समितीच्या ताईंनी मला परवा लिस्टवर घेतलं, त्यामुळे मी सगळं वाचतेय. माझ्यासाठी एवढे जण बॉयलररूमपर्यंत गेले, फार संकोच वाटला आणि फार हसूही आलं. काकांनी जे लिहिलंय त्यात मला काही खोडायचं नाही.

फक्त एक. कोशरचं आपण सावकाश बघू. तुम्ही कार्यक्रम शनिवारी दुपारी ठेवलाय.

आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर सुटतो. त्या वेळात आम्ही गाडी चालवत नाही. हायलंड पार्कहून हॉलपर्यंत चालत यायचं तर निम्मा फराळ वाटेत जिरेल. कोकणात आमच्या लोकांना 'शनिवार तेली' म्हणायचे, हे तुमच्यातल्या रायगडकरांनी ऐकलं असेल. घाणा चालवायचे, पण शनिवारी बैल सोडून द्यायचे. तर शनिवार तेल्याला शनिवारी बोलावलंत, एवढीच तक्रार. रविवार मिळाला तर बघा. नाही मिळाला तर मनाला लावून घेऊ नका, आम्ही पाडव्याला कोणाच्या तरी घरी येऊ.

आता खाण्याचं. कोकणात आजीच्या काळी शिक्का कुठला? कोंबडी आमचे हजान (प्रार्थना चालवणारे) कापायचे, दूध शेजारच्या गोठ्यातलं, डोळ्यांसमोर काढलेलं, तेल आपल्याच घाण्याचं. कोण काय करतंय ते दिसायचं. इथे काही दिसत नाही, म्हणून शिक्का. आमच्या जेवणात नारळाचं दूध इतकं का असतं, तेही सांगते. मांसाबरोबर दूध, दही, तूप चालत नाही, मग रश्श्याला घट्टपणा आणायला नारळ. आमच्या नव्या वर्षाला हलवा करतो तोही गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा. मटणाच्या जेवणानंतर खाता येतो.

तर अडचण सामानापेक्षा भांड्यांची जास्त आहे. तुम्ही शंभर टक्के शिक्क्याचं तेल आणि शिक्क्याचं पीठ आणलंत, पण चकल्या तुमच्या कढईत तळल्यात तर मला खाता येणार नाहीत. कढईने याआधी काय काय पाहिलंय ते कढईलाच ठाऊक. (खजिनदारसाहेब, उघडा डबा म्हणून तो अर्धा डबा नको. त्याचं दुःख मला कळतं.)

म्हणून माझी सूचना: चकल्या माझ्याकडे करू. भाजणीसुद्धा माझ्याच कढईत भाजू; बाहेर भाजून आणली तर पुन्हा तेच. सोऱ्या माझ्या सासूबाईंचा पितळी आहे, अजून उत्तम चालतो. पाडायला, तळायला, मोडलेल्या खायला जितक्या जणी याल तितक्या या. गॅस मी पेटवीन, एवढं माझ्यावर सोडा, त्यालाही नियम आहे. बाकी तुमच्या लाडू-करंज्या तुम्ही नेहमीसारख्या करा, फक्त वेगळ्या टेबलावर ठेवा. माझ्यासाठी कागदी ताट पुरे.

आणि सगळ्या कोशर घरांत असंच चालतं असं समजू नका. माझी नणंद बाहेर नुसता चहाही घेत नाही. माझा भाऊ ठाण्याला असताना भेळेच्या गाडीवर दिसायचा, त्याचं नाव मी घेत नाही.

– हायलंड पार्कहून

---

प्रेषक: फराळ समिती
विषय: ओक ट्री रोडचा वृत्तांत

काल हायलंड पार्कच्या ताई आणि मी ओक ट्री रोडला, आपल्या भारतीय दुकानांत गेलो. मला वाटलं होतं अर्धा तास. अडीच तास लागले. मागे गाडी लावलेल्या माणसाने दोनदा हॉर्न वाजवून विचारलं.

पहिला वाद हिरव्या ठिपक्यावरून. मी म्हटलं, भारतातून आलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे मांस, मासा, अंडं काही नाही, मग तुम्हाला का नको? ताई म्हणाल्या, ठिपका कंपनी स्वतःच लावते, कायद्याने सांगितलंय म्हणून. चूक केली तर सरकार पकडेल, पण ते तेल कुठल्या टँकरमधून आलं हे विचारायला तिथे कोणी उभं नसतं. ठिपक्याला तो प्रश्नच नसतो. मला काकांचा बॉयलर आठवला. मग त्यांनी मला भारतातूनच आलेल्या दोन मसाल्यांची पाकिटं दाखवली: हिरवा ठिपका पुढे आणि मागे कोपऱ्यात चांदणीतला के. निर्यातीसाठी घेतात म्हणे. मी हीच पाकिटं इतकी वर्षं घेते, कधी उलटून बघितलं नव्हतं.

तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे: कोरडं, सुट्टं धान्य आणि अख्खे मसाले. त्यांच्या रब्बींच्या मते याला शिक्का लागत नाही, निवडून घ्यायचं. आणि निवडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. कोथिंबिरीची जुडी उजेडात धरून पान न् पान. किडा खाणं त्यांच्याकडे साफ निषिद्ध, त्यामुळे पालेभाज्या आणि फ्लॉवर म्हणजे मोठं काम. माझी आई मेथी अशीच निवडायची. मी आता तयार निवडलेली आणते आणि तसं कबूल केलं.

तेल: गोलातला यू, नवा सीलबंद डबा. तूप: यू-डी. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं, ते दिवाळीला चालतं पण वल्हांडणाला नाही, कारण तेव्हा गहू फुगून आलेला चालत नाही. भात मात्र वल्हांडणालाही चालतो त्यांच्याकडे. युरोपातले बरेच ज्यू खात नाहीत, माहेर-सासरच्या रीती वेगळ्या असतात तसं.

गरम मसाल्याच्या एका डबीवर उघडा के होता. मी काकांना फोन लावला, ते म्हणाले ठेवून द्या. ठेवून दिला.

काजूकतली मात्र राहिली. वर चांदीचा वर्ख. ताईंनी विचारलं, हा कशात कुटतात? मी गप्प. पूर्वी बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटायचे. भारतात २०१६ साली त्यावर बंदीची अधिसूचना निघाली, पण काउंटरवरच्या मुलाला वर्ख कुठून येतो ते सांगता येईना. त्याला काय दोष द्यायचा, मी पन्नास वर्षं खाल्ला आणि विचारलं नाही. बिनवर्खाची घरी करू.

---

प्रेषक: एडिसनचा नवा मेंबर

एक शंका. समजा एखाद्या दुकानदाराने खोटंच कोशर म्हणून विकलं तर सरकार काही करत नाही का? न्यू जर्सीत एवढे कायदे आहेत.

---

प्रेषक: फॅक्टरीवाले काका

होता कायदा. त्यात कोशर म्हणजे काय हे सरकारनेच ठरवलं होतं, ऑर्थोडॉक्स रीतीने. १९९२ साली आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: धर्माचं काय शुद्ध, काय अशुद्ध हे सरकारने ठरवायचं नाही. आता दुकानदाराने आपण कुणाच्या देखरेखीखाली, काय पाळतो ते लिहून लावायचं, आणि लिहिलंय तसं वागायचं. खोटं लिहिलं तर फसवणूक. इस्राएलमध्ये उलट आहे, तिथे वर्षानुवर्षं मुख्य रब्बीमंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय हॉटेलवाल्याला कोशर म्हणवून घेता यायचं नाही, त्यावरून तिथे भांडणंही खूप होतात. त्यात शिरत नाही, रात्र झाली.

आईने फोन घेतला का?

---

प्रेषक: खजिनदार
विषय: हॉल – रविवार

हॉलवाल्यांशी बोललो. रविवार ११ ते ४ मिळतोय, तारीख बदलायचे ३५ डॉलर. समितीने मंजूर केलेत (म्हणजे मी आणि फराळ समिती, फोनवर). शनिवारी दुपारी क्रिकेट असणाऱ्यांनी आभार मानायला हरकत नाही.

अर्ध्या डब्याचं तेल मी पणत्यांना वापरतो.

---

प्रेषक: हायलंड पार्कच्या ताई

रविवार! मग मी मलिदा आणते. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याच्या नावाने आम्ही करतो तो: पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुकामेवा, वर फळं. पोहे-गूळ माझ्याकडचे. नारळ तुम्ही आणा, अख्खे, न फोडलेले. अख्ख्या नारळावर शिक्का शोधू नका, तो देवानेच सीलबंद केलाय. पाच पुरेत. फळंही न कापता.

चकल्यांना गुरुवारी सकाळी दहाला या. एप्रन आणा, भांडी आणू नका.

---

प्रेषक: खजिनदार

नारळ मी आणतो. पण फोडायचे ताईंच्या घरी, गुरुवारीच. दोन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला हॉलच्या पायरीवर फोडला होता तेव्हा डिपॉझिटमधून ४० डॉलर कापले गेले, त्याची पावती अजून माझ्याकडे आहे.